तळहातावरची वेळ

खरात सिस्टरच्या डाव्या तळहातावर बहुतेक वेळा निळ्या शाईत काहीतरी लिहिलेलं असायचं. ९.४०. १.१५. कधी एकाखाली एक अशा तीन वेळा. बाळ रडलं की ती वेळ नोंदवायची असते. पण त्या क्षणी हातात बाळ असतं आणि रजिस्टर बाहेरच्या टेबलावर असतं. म्हणून बाळ आईच्या छातीवर ठेवलं की सिस्टर हातमोजा काढून वेळ हातावर लिहायच्या आणि रजिस्टर मागाहून भरायच्या. बाजारात त्यांनी भाजीसाठी हात पुढे केला की भाजीवाली आधी तळहात वाचायची.

"आज दोन का, सिस्टर?"

"दोन. एक रडकं, एक शहाणं. मेथी दे."

त्यांना जाऊन चार महिने झाले. तेव्हा मी गावात नव्हते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी संभाजीनगरला भावाकडे गेले होते. परत आले तर शेजारच्या दाराला कुलूप होतं. सविता, त्यांची भाची, तेव्हा नुकती बाळंत झालेली होती, तिला कुणी अंत्यविधीला आणलं नाही. त्यामुळे मी जे पाहिलं ते तिला सांगायचं राहून गेलं. फोनवर सांगण्यासारखं ते नाही. डोळे अजून थकतात, म्हणून रोज थोडं थोडं लिहिते आहे.

आमचं गाव भोकरदनच्या पलीकडे. जालन्याला जायचं तर भोकरदन, राजूर असं करत दोन तास जातात. गावात सरकारी दवाखाना आहे, आणि त्या दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीत खरात सिस्टरनी आयुष्य काढलं. मी कन्याशाळेत शिक्षिका होते, पुढे मुख्याध्यापिका झाले. आमच्या घरांमध्ये एक भिंत सामाईक. लग्न दोघींचंही झालं नव्हतं. त्यांची बहीण काविळीनं गेली तेव्हा तिची तीन वर्षांची मुलगी त्यांनी घरी आणली. तीच ही सविता. ती माझ्या वर्गात शिकली, नकाशे फार सुरेख काढायची. सिस्टर स्वतः पुस्तकं वाचत नसत, पण सवितासाठी माझ्याकडून नेत आणि आणून देताना प्रत्येक पुस्तक फडक्यानं पुसून देत.

सिस्टरची काम करायची एक पद्धत होती. बाई आत घेतली की त्या मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायच्या. ठोके मोजायचे तेवढ्यापुरतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या, एरवी नाही. "बाळाला घड्याळ कळत न्हाई, बाई," त्या मला म्हणायच्या. "आपण बघत बसलो की आपल्यालाच घाई सुटती." मग स्टूल ओढून खाटेशी बसायच्या आणि एक हात पोटावर ठेवायच्या. नुसता ठेवलेला, दाबलेला नाही. बाई ओरडली, रडली, शिव्या दिल्या, तरी तो हात तिथेच. आणि तोंडात एकच वाक्य: "थांबू थोडं." थांबा नाही, थांबू. जणू कळा दोघींनाही येताहेत.

हाताखालच्या मुलींपैकी कुणी नातेवाइकांना "डॉक्टर सांगतील तसं" असं म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "मंग आपण कशाला हावोत इथं? खाटा मोजाया?"

जुन्या जालन्यातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची सून बाळंतपणाला आमच्या गावी माहेरी आली होती. तिची सासू गाडी करून आली, हातात चिठ्ठी. शुक्रवारी अकरा चाळीस ते बारा दहा, एवढ्या वेळात मूल झालं पाहिजे, सिझर करून घ्या, असं जोशीबुवांनी लिहून दिलेलं. सिस्टरनी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली.

"यावर बाळाची सही न्हाई."

"मजाक करू राह्यल्या का तुमी?"

"न्हाई हो. ज्याचं काम हाय त्याला कळवलं का, एवढंच इचारू राह्यले."

सून गुरुवारी दुपारीच मोकळी झाली, काही कापाकापी न होता. सासू सिस्टरशी अवाक्षर बोलली नाही. पण थोड्या वेळानं आली आणि सिस्टरचा तळहात धरून त्यावरची वेळ कागदावर उतरवून घेतली. पत्रिका तर करावीच लागणार होती. त्या आनंदात सिस्टरनी तिला घरी चहाला बोलावलं तर म्हणाली, "उपास हाय." आमच्याकडे खरातांचा हात बाळंतपणाला चालतो, चहाला चालत नाही. सिस्टरना त्याची सवय होती. मला नव्हती. मी चिडले की त्याच मला म्हणायच्या, "जाऊ द्या बाई, तिचा चहा वाचला, आपली साखर वाचली."

पण सगळ्या गोष्टी अशा हसून सांगण्यासारख्या नव्हत्या. एकदा वीटभट्टीवरची एक कोवळी मुलगी आली. सगळं ठीक होतं, फक्त वेळ लागणार होता. ती सिस्टरचे पाय धरून बसली. माझं पोट फाडा, पण मला हात लावू नका. तिच्या जावेनं तिला सांगितलं होतं की त्या खोलीत बायकांना मारतात. दुसऱ्या दिवशी सिस्टर माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, काय एकेक अफवा पसरवतात लोक. सिस्टर बराच वेळ खडे वेचत राहिल्या.

"अफवा न्हाई ती. मी बी मारलंय."

मी ओट्यावर त्यांच्यासमोर बसले.

"नवी होते तवा. मांडीवर चापट मारायची, आवाज बंद म्हणायचं. आमाला तसंच शिकवल्तं. कितीक बायांना मारापरीस सुरी बरी वाटत असंल. आन् आपण कारणाच्या रकान्यात काय लिहितो? पेशंटची मागणी."

त्या रकान्यावर त्यांचा फार राग होता. सिझरच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक नावापुढे 'कारण' असा एक रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा 'बाळाचे ठोके कमी' असं लिहिलेलं असायचं. आमच्याकडे तेव्हा एक तरुण डॉक्टर आले होते, भला माणूस. त्यांच्या भुवईवर टाक्यांची खूण होती. आधीच्या गावी एक बाळ दगावलं तेव्हा नातेवाइकांनी मारलेल्या खुर्चीची. ते सिस्टरकडे चहा प्यायचे, दोन कप प्यायचे. एकदा मी तिथे असताना म्हणाले, "बाई, सिझर केलं तर कुणी विचारत नाही का केलं. नाही केलं आणि काही झालं, तर सगळं गाव विचारतं का नाही केलं."

ते गेल्यावर सिस्टर कप विसळत म्हणाल्या, "लिहितेत बाळाचे ठोके कमी. निम्म्या टायमाला डॉक्टरचेच ठोके वाढलेले असतेत." मग थांबून म्हणाल्या, "त्यांचं बी काय चुकतं म्हणा. खुर्ची त्यांनी खाल्ली, मी न्हाई."

आता जे लिहायचं आहे त्यात माझा भाग आहे. तो लहान आहे, पण आहे.

दर जूनमध्ये पहिलीचे दाखले भरताना मुलींच्या जन्मतारखा माझ्या हाताखालून जात. मला जुन्या दिनदर्शिका जपून ठेवायची सवय. एका वर्षी सहज वाटलं म्हणून तारखांचे वार काढले. एका कागदावर सात रकाने आखले आणि प्रत्येक मुलीसाठी एक ठिपका दिला. संध्याकाळपर्यंत मंगळवार आणि शुक्रवारचे रकाने ठिपक्यांनी काळे झाले. रविवारचा जवळजवळ कोरा. मी पुन्हा मागच्या वर्षाच्या वह्या काढल्या. तेच.

तो कागद घेऊन मी सिस्टरकडे गेले. त्यांनी चष्मा लावला. बोट एकेका रकान्यावरून खाली नेलं, जणू पाढा म्हणताहेत.

"मंगळवार, शुक्रवार," त्या म्हणाल्या. "भूल द्यायचे सर जालन्याहून याच दोन दिवशी येतेत. दहाला येतेत, चारला जातेत. ज्या बाईचं अडंल असं जरा बी वाटलं, तिचं त्याच दिवशी उरकून घेतेत. न्हाई घेतलं आन् बुधवारी अडलं, तर तिला जालन्याला पळवा. भीती वाटती सगळ्यांना."

"म्हणजे डॉक्टरांचं बरोबर आहे?"

"बरोबर बी हाय. आन् हे बी बघा की," त्यांनी काळ्या रकान्यावर टिचकी मारली. "इतक्या पोरी काय मंगळवारीच जल्माला येतेत का?"

कागद त्यांनी मागून घेतला. चार घड्या घालून ज्या खिशात घड्याळ ठेवायच्या त्याच खिशात ठेवला.

तेव्हापासून त्यांच्या थांबण्यात काहीतरी निराळं आलं. पूर्वी त्या बाईसाठी थांबत. आता त्या कागदासाठीही थांबू लागल्या असाव्यात. हे मला आज वाटतं. तेव्हा वाटलं नाही. तेव्हा मला मजा वाटत होती. बुधवारी किंवा रविवारी कुणी सुखरूप मोकळी झाली की त्या भिंतीवर दोन टकटक करायच्या आणि पलीकडून सांगायच्या, "बाई, ठिपका वाढवा. रविवार." मी त्या कागदाची नक्कल करून ठेवली होती, तिच्यावर मी खरंच ठिपका वाढवत असे. लाल शाईनं. हा खेळ मी सुरू केला होता.

सविताचं लग्न भोकरदनजवळच्या एका गावात झालं. नवरा संदीप, ट्रॅक्टरच्या गॅरेजात काम करणारा, कमी बोलणारा मुलगा. पहिल्या बाळंतपणाला ती मावशीकडे आली. रोज संध्याकाळी दोघी ओट्यावर बसत. सविता म्हणाली, "मावशी, तुझ्याच हातानं होऊ दे." सिस्टर मला म्हणाल्या, "आपल्या पोरीचं तिच्या टायमानं होऊ द्या, बाई. मंगळवार-शुक्रवार बघून न्हाई."

कळा सुरू झाल्या त्या मंगळवारीच.

चैत्र होता. मी आणि संदीप बाहेरच्या बाकावर बसलो होतो. सिस्टरनी आत जाताना घड्याळ काढून खिशात टाकलेलं मी पाहिलं. सकाळ गेली. दुपारी साडेतीनच्या सुमाराला डॉक्टर दारात आले आणि सिस्टरना बाहेर बोलावलं. आमच्यापासून चार पावलांवर दोघं उभे होते.

"सिस्टर, मघाशी ठोके खाली गेले होते. सर चारला निघतील. घेऊ या का?"

"कळ गेली की परत येऊ राह्यलेत. मी हात लावून हाय. थांबू थोडं."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत त्यांनी ऐकलं नसतं. पण ही सिस्टरचीच मुलगी होती. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत सिस्टर कशाला जोखीम घेतील, असं त्यांना वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं.

"तुम्ही म्हणता तर थांबू."

चारला सरांची पांढरी गाडी फाटकातून बाहेर पडली. सिस्टर खिडकीशी आल्या नाहीत.

पावणेसहाला पाणी फुटलं आणि ते हिरवं होतं, म्हणजे बाळानं आतच शी केली होती. ठोके खाली गेले आणि कळ गेल्यावरही वर येईनात. जालन्याच्या सरांना फोन लावला तेव्हा ते जालन्यात शिरत होते. पेशंटला इकडेच आणा, मी थांबतो, म्हणाले. दहा मिनिटांत आम्ही रुग्णवाहिकेत होतो. संदीप ड्रायव्हरशेजारी, मी सविताच्या पायाशी, सिस्टर तिच्या पोटाशी. सरांची गाडी गेली त्याच रस्त्यानं, तिच्या मागे दोन तास.

सिस्टरकडे ठोके ऐकायची जुनी लाकडी नळी होती. दवाखान्यात मशीन आल्यावरही ती त्यांच्या पिशवीत असे. नळीचं एक टोक सविताच्या पोटावर आणि दुसरं आपल्या कानाला लावून त्या वाकून बसल्या होत्या. रस्त्याचं काम चालू होतं, गाडी सारखी आदळत होती. भोकरदनच्या पुढे त्या म्हणाल्या, "जरा थांबव, ऐकू येईना." ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली. गाडी निघाली.

राजूर मागे पडल्यावर त्यांनी पुन्हा गाडी थांबवायला लावली. दिवस मावळत होता. या वेळी त्या खूप वेळ ऐकत राहिल्या. नळी थोडी सरकवली, पुन्हा ऐकलं. पुन्हा सरकवली. मग डोकं वर न उचलता म्हणाल्या, "चल."

सविता म्हणाली, "मावशी, हाय ना?"

"हाय."

तो आवाज मला आजही ऐकू येतो. मी पायाशी होते, मला सिस्टरचा चेहरा दिसत होता. सविताला दिसत नव्हता. तिला फक्त तो शब्द मिळाला, आणि जालन्यापर्यंतचा सगळा रस्ता ती त्या शब्दाला धरून राहिली.

जालन्यात बाळ गेलेलंच होतं. पण ते अडकलेलं होतं, खालून काढता येत नव्हतं, आणि उशीर केला असता तर सविताही गेली असती. तिचं पोट उघडावं लागलं. ज्यातून तिला वाचवायचं म्हणून सगळं चाललं होतं, ते झालंच, आणि हातात काही आलं नाही. मुलगा होता. कॉरिडॉरमध्ये सिस्टरनी खिशातून घड्याळ काढलं, पाहिलं, दुसऱ्या हातानं पेन शोधलं. मग दोन्ही परत खिशात ठेवलं.

सविता शुद्धीवर आल्यावर मावशीला एवढंच म्हणाली, "तुला ठावं होतं. तू हाय म्हणलीस."

गुरुवारी सिस्टर कामावर गेल्या. जालन्याला पाठवलेल्या पेशंटच्या रजिस्टरमध्ये सविताच्या नावापुढचं कारण रिकामं होतं. तिथे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सिस्टर खरात यांनी थांबवले म्हणून.' डॉक्टर धावत आले. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं.

"सिस्टर, असं लिहू नका. चौकशी लागेल. मीही हो म्हणालो होतो. 'बाळाचे ठोके कमी' लिहा, ते खोटं नाही."

"ठोके कमी झाले ते मागून. कारण आधीचं असतंय, डॉक्टर."

त्यांनी ते खोडलं नाही. महिनाभर त्या चौकशीची वाट बघत होत्या. मला वाटतं, त्यांना ती हवी होती. कुणीतरी समोर बसवून विचारावं, शिक्षा द्यावी, निदान ओरडावं. पण रजिस्टर दर महिन्याला वर जात होतं, सह्या होऊन परत येत होतं, आणि कुणी काही विचारलं नाही. तो रकाना कुणी वाचतच नव्हतं.

एके दिवशी माझ्याकडून नेलेलं शेवटचं पुस्तक त्यांनी परत आणून दिलं, नेहमीसारखं पुसून. आत तो चार घड्यांचा कागद होता. माझ्याकडची लाल ठिपक्यांची नक्कल मी त्या रात्री चुलीत घातली. पण त्यांनी परत दिलेला कागद जाळण्याची हिंमत झाली नाही. तो अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतरची दोन वर्षं त्या थांबल्या नाहीत. घड्याळ मनगटावरच असायचं आणि त्या सारख्या त्याकडे बघायच्या. ठोके एकदा जरी खाली गेले की त्या स्वतःच डॉक्टरांना बोलवायच्या: घ्या. भूल द्यायचे सर नसले तर: पाठवा. पोटावर हात ठेवून बसणं बंद झालं. तळहातावर लिहिणंही बंद झालं. त्या आता वेळ थेट रजिस्टरमध्ये लिहायच्या, किंवा बरोबरच्या मुलींना लिहायला सांगायच्या. नव्या नर्सेसना त्यांची भीती वाटायची. एकदा तालुक्याच्या बैठकीत, पेशंट वेळेवर पुढे पाठवल्याबद्दल साहेबांनी त्यांना उभं करून गुलाबाचं फूल दिलं. ते फूल त्यांनी घरी आणलं नाही. कुठे टाकलं म्हणून मी विचारलं नाही.

त्याच काळात वीटभट्टीवरची ती मुलगी दुसऱ्या खेपेला आली. पहिल्या वेळी सिस्टरचा हात धरून बाळंत झालेली. ती आल्याबरोबर म्हणाली, "सिस्टर, हात ठिवा की." सिस्टर म्हणाल्या, "जालन्याला जा. गाडी बोलावलीय." ती मुलगी हात पुढे करून तशीच उभी राहिली. हे सांगताना सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या. "तिचं इथंच झालं असतं, बाई. मला ठावं होतं. तरी पाठवलं."

सविता सासरीच होती. सिस्टर फोन करायच्या. संदीप उचलायचा, ती झोपलीय म्हणायचा. पुढे त्यांनी फोन करणं सोडलं. माझ्याशी मात्र सविता बोलायची. दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं तिनं मलाच सांगितलं. जालन्याच्या डॉक्टरांनी आधीचं सिझर आहे म्हणून याही वेळी सिझरच ठरवलं होतं, तारीख दिली होती. मी विचारलं, "मावशीला सांगू?"

"सांगायचं तर सांगा, बाई. पण दवाखान्यात वर माझ्यापाशी येऊ देऊ नका. मला तिचा आवाज नको."

मी सिस्टरना जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही. त्यांनी मान हलवली. "कारण?"

"आधीचं सिझर."

"हां," त्या म्हणाल्या. "ते बी मीच दिलंय तिला."

ठरलेल्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही दोघी जालन्याला गेलो. सिस्टरना तेव्हा निवृत्त होऊन जेमतेम महिना झाला होता. राजूरच्या पुढे त्यांनी खिडकीकडे पाठ केली. हॉस्पिटलमध्ये खाली औषधांच्या दुकानापाशी बाकं होती, तिथे बसलो. जिना समोरच होता. त्यांनी जिन्याच्या पहिल्या पायरीलाही पाय लावला नाही.

शेजारच्या बाकावर एक सासू-सून बसल्या होत्या, जांब समर्थकडच्या. सुनेला कळा येत होत्या आणि ती पाठीला बाक घालून अवघडून बसली होती. सिस्टर थोडा वेळ बघत राहिल्या, मग राहवलं नाही. "तिला डाव्या कुशीवर लोळवा. हां. आता तोंडानं श्वास घे, पोरी." सुनेचा चेहरा जरा सैल झाला. सासू लगेच सरकून जवळ आली.

"तुमी नर्स दिसता, बाई. देवच भेटला. डॉक्टर म्हणतेत सिझर करा, हिची आई म्हणती थांबा. आमाला तर काईच कळना. तुमीच सांगा, काय करावं?"

सिस्टरनी त्या सुनेकडे पाहिलं. त्यांचा डावा हात मांडीवरून थोडा उचलला गेला, तिच्या पोटाच्या दिशेनं. मी बघत होते. मग तो हात त्यांनी उजव्या हातानं धरला आणि परत मांडीवर ठेवला.

"डॉक्टर सांगतील तसं करा," त्या म्हणाल्या.

सासू निराश होऊन आपल्या जागी सरकली. मी सिस्टरच्या ओळखीत होते तेवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

साडेदहाला संदीप खाली औषधं घ्यायला आला. आम्हाला पाहिलं, थबकला, मान खाली घालून म्हणाला, "आत घेतलंय." आणि वर गेला. सिस्टरनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि पिशवीत टाकलं. मग जिन्याकडे तोंड करून बसल्या, डोळे मिटून. मग मीही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं नाही.

वर कुठेतरी बाळ रडलं. त्या इमारतीत दिवसभर बाळं रडतच होती. हे कुणाचं ते आम्हाला कसं कळणार? पण सिस्टर उभ्या राहिल्या. पिशवीत हात घालून घड्याळ काढलं, पाहिलं.

"बाई, पेन हाय का?"

मी दिलं. त्यांनी डाव्या तळहातावर लिहिलं. ११.०५. पेन टोपण लावून परत दिलं. दहा मिनिटांनी संदीप जिन्यावरून अर्ध्यापर्यंत उतरला आणि लांबूनच मला म्हणाला, "मुलगी झाली. दोघी ठीक हायेत. अकरा पाचला." सिस्टरकडे त्याने पाहिलं की नाही ते मला सांगता येत नाही. त्या तेव्हा पिशवीचे बंद बांधत होत्या.

दुपारच्या एसटीनं आम्ही परतलो. मी दुसऱ्या दिवशी पहाटे संभाजीनगरला जाणार होते, सामान भरायचं होतं, माझं मन त्यात होतं. तेव्हा मी त्यांना काहीतरी म्हणायला हवं होतं. काय, ते अजून सुचलेलं नाही.

गावच्या स्टँडवर उतरलो. धुळीनं आम्ही दोघी माखलो होतो. नळावर मी हातपाय धुतले. सिस्टरनी पिशवी खांद्यावर ठेवूनच वाकून एका हातानं तोंडावर पाणी मारलं, उजव्या हातानं. डावी मूठ पाठीमागे धरलेली होती.

"दोन्ही हात धुवा की, सिस्टर," मी म्हटलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि मूठ तशीच मिटलेली ठेवून घराकडे चालू लागल्या.